साडेपाच लाखांचं घड्याळ घ्यावं का? एका घड्याळजीचं उत्तर

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. विचारणारे चौतीस वर्षांचे आहेत, चिंचवडला नोकरी करतात आणि यंदा साठलेला बोनस त्यांच्या हातात एकरकमी आला आहे. एक स्विस ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ, म्हणजे मनगटाच्या हालचालीने चावी भरणारं आणि स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, त्यांच्या मनात भरलाय, किंमत साडेपाच लाख. वडील म्हणतात सोनं घे. मित्र म्हणतात घड्याळच घे, पाच वर्षांत दुप्पट होईल. बायको म्हणते, पैसे तुझे आहेत, पण नंतर हळहळत बसू नकोस. शेवटी एक ओळ जाता जाता लिहिली आहे, की वडिलांचं जुनं एचएमटी कपाटात बंद पडून आहे, त्याचं काही होईल का?

मी बत्तीस वर्षं पुण्यात घड्याळं दुरुस्त करतो. विकत नाही, त्यामुळे तुम्ही काय घेता यावर माझा एक रुपयाही अवलंबून नाही. पण लोकांनी घेतलेल्या घड्याळांचं पुढे काय होतं, हे माझ्या टेबलावर रोज दिसतं.

मित्रांचं म्हणणं आधी डोक्यातून काढून टाका. घड्याळ ही गुंतवणूक नाही. लिलावाच्या बातम्या खऱ्या असतात. पॉल न्यूमन या नटाचं रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कला पावणेदोन कोटी डॉलरच्या पुढे गेलं, आणि २०१९ मध्ये जिनिव्हात पाटेक फिलीपचं एक घड्याळ ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकला विकलं गेलं. पण पहिलं घड्याळ त्या नटाच्या मनगटावर होतं म्हणून तेवढं गेलं आणि दुसरं जगात एकच होतं. दुकानाच्या काचेत जे ठेवलेलं असतं, तसं तिसऱ्या दुकानातही असतं. रोलेक्स, पाटेक आणि ओडेमार पिगे यांची काही ठरावीक स्टीलची मॉडेलं सोडली, तर दुकानाची पायरी उतरताच किंमत खाली येते. माझ्याकडे येणारे लोक जेव्हा विकायला निघतात, तेव्हा तीन-चार वर्षं वापरलेल्या चांगल्या स्विस घड्याळाला मूळ बिलाच्या साठ-पासष्ट टक्के मिळाले तरी खूश होतात. त्या ठरावीक मॉडेलांचंही ऐका. करोनाच्या काळात त्यांचे जुन्या बाजारातले भाव आभाळाला भिडले, २०२२ च्या सुरुवातीला शिखर गाठलं आणि मग उतरले. त्या शिखरावर घेतलेले दोघे जण मला माहीत आहेत. त्यांच्यापैकी एकाने कर्ज काढून घेतलं होतं.

पैशाच्या हिशेबात तुमच्या वडिलांचं बरोबर आहे. सोन्यावर ३ टक्के जीएसटी जातो, घडणावळ जाते, पण उरलेलं वजन उरतंच. रात्री अडचण आली तर सकाळी पतपेढीत सोनं ठेवून पैसे मिळतात. घड्याळावर कुठलीही पतपेढी कर्ज देणार नाही. साडेपाच लाख 'ठेवायचे' असतील तर वडिलांचं ऐका आणि हे उत्तर इथेच सोडा.

पण मला वाटतं तुम्ही ते विचारलेलंच नाही. एवढे पैसे दिले तर त्या बदल्यात खरंच काही हातात येतं का, की निव्वळ नावाचे पैसे जातात, असं तुम्हाला विचारायचं आहे. त्याचं उत्तर मागचं झाकण उघडल्याशिवाय देता येत नाही.

अचूक वेळेसाठी यांत्रिक घड्याळ लागतं, ही गोष्ट १९६९ सालीच निकालात निघाली. त्या वर्षी २५ डिसेंबरला सेइको कंपनीने टोकियोत ॲस्ट्रॉन नावाचं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला काढलं. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या काळी एखाद्या लहान मोटारीइतकी. पण पुढच्या पंधराएक वर्षांत तेच तंत्र इतकं स्वस्त झालं की स्वित्झर्लंडच्या घड्याळधंद्यात नव्वद हजारांच्या आसपास असलेली माणसं तीस हजारांच्या घरात आली. आजच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेलच्या विजेवर सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्यामुळे हजार रुपयांचं साधं सेलवरचं घड्याळही महिन्याला पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त चुकत नाही. तुमच्या मनातलं साडेपाच लाखांचं घड्याळ दिवसाला चार-पाच सेकंद चुकलं तर ते उत्तम समजतात. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूक चालीचं, प्रमाणपत्र देणारी कॉस्क ही संस्था दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद एवढी सूट देते. म्हणजे अचूकपणाचे पैसे तुम्ही देत नाही, हे मनाशी पक्कं असू द्या.

मग कशाचे देता? एका चाकाचं बघा. बॅलन्स म्हणतो आम्ही त्याला. नाण्याहून लहान एक कडं, त्याच्या मधोमध केसासारखी बारीक स्प्रिंग. आजच्या बहुतेक स्विस मशीनमध्ये ते सेकंदाला आठ ठोके देतं, म्हणजे दिवसाला ६,९१,२०० आणि वर्षाला पंचवीस कोटींच्या वर. त्याचा आस ज्या टोकावर टेकलेला असतो ते टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं जाड. ते माणकाच्या खड्यात फिरतं. माणिक म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात, पण ते कारखान्यात बनवलेलं असतं आणि त्याला दागिन्याची किंमत नाही. कठीण आणि गुळगुळीत असतं म्हणून वापरतात, एवढंच. असं यंत्र मनगटावर उलटंसुलटं होत, घामात, गर्मीत, रिक्षाच्या धक्क्यांत दिवसाच्या ८६,४०० सेकंदांपैकी चार-पाचच चुकतं, हे बत्तीस वर्षं बघूनही मला साधं वाटत नाही. या कारागिरीला पैसे मोजणाऱ्या माणसाला मी कधी मूर्ख म्हणणार नाही.

पण ही कारागिरी किती पैशांपर्यंत वाढत जाते, हे दुकानदार सांगत नाही.

ईटीए या स्विस कंपनीचं, घड्याळाच्या आत बसणारं २८२४ नावाचं मशीन आहे, आणि त्याच घडणीवर बेतलेलं सेलिटा या दुसऱ्या कंपनीचं एसडब्ल्यू २००. ही दोन मशीन मी डोळे मिटून खोलू शकेन, इतकी माझ्या हाताखालून गेली आहेत. पन्नास-साठ हजारांच्या घड्याळातही ती निघतात आणि दोन-अडीच लाखांच्याही. महागड्यात कधी वरच्या प्रतीचं असतं, जास्त दिशांना वेळ लावून तपासलेलं असतं, चक्रीवर, म्हणजे हात हलला की फिरून चावी भरणाऱ्या वजनावर, कंपनीचं नाव कोरलेलं असतं. फरक असतोच, पण दोन लाखांचा नसतो. तो बाहेरच्या धातूच्या केसमध्ये, डायलमध्ये, पट्ट्यात असतो आणि जाहिरातीत असतो. तुम्ही क्रोनोग्राफ म्हणताय, म्हणून आणखी एक नाव लक्षात ठेवा: वालज्यू ७७५०. सत्तरच्या दशकातलं मशीन, आजही असंख्य कंपन्या वापरतात. दणकट आहे, माझं आवडतं आहे. त्याची चक्री एकाच बाजूला फिरताना चावी भरते आणि उलट बाजूला मोकळी गरगरते, तेव्हा मनगटावर एक हलकासा हिसका जाणवतो. दुकानात घड्याळ हातात घालून मनगट जरा झटका, कळेल. तुमच्या साडेपाच लाखांच्या घड्याळात हे मशीन निघालं, तर त्याच मशीनचं घड्याळ दोन ते अडीच लाखांतही मिळतं का, याची चौकशी अवश्य करा. कंपनीने स्वतः घडवलेलं मशीन असेल तर निम्म्याहून जास्त पैसे कुठे गेले हे तरी कळतं.

माझ्या अनुभवाने साधारण असं आहे. पन्नास हजारांपासून दीड लाखापर्यंत प्रत्येक वाढलेल्या रुपयाला काहीतरी दिसण्यासारखं मिळतं. काच खनिज काचेऐवजी सफायरची होते, जिला हिऱ्याखेरीज सहसा काही ओरखडत नाही. पट्ट्याच्या कड्या पोकळ पत्र्याच्या न राहता भरीव होतात. चावी फिरवताना हाताला घट्टपणा लागतो. दीड लाखापासून चार-पाच लाखांपर्यंतही मिळतं, पण आता ते शोधावं लागतं. ओमेगाच्या बऱ्याच घड्याळांत सिलिकॉनची हेअरस्प्रिंग असते, चुंबकाचा तिच्यावर परिणाम होत नाही. ग्रँड सेइकोच्या काट्यांच्या कडा भिंगाखाली बघा, आरशासारख्या सपाट घासलेल्या दिसतील. त्यापुढे दहा, वीस, चाळीस लाखांत हाताचं काम येतं. मशीनच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांच्या कडा हाताने तिरप्या घासून चकाकवलेल्या असतात. दोन कडा जिथे आत वळून मिळतात तो कोपरा यंत्राने तितका धारदार होत नाही. भिंगातून एकदा बघितलेला तसा कोपरा मी विसरत नाही. पण तो बघणारे फार थोडे. तुम्हाला ते बघायचं असेल तर पैसे योग्य जागी गेले. समोरच्याने डायलवरचं नाव वाचावं एवढंच हवं असेल तर फार महाग सौदा आहे.

आता जे बिलात लिहिलेलं नसतं ते सांगतो.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ क्रोनोग्राफ घेऊन आले. नऊ वर्षांपूर्वी साधारण चार लाखांना घेतलेला, पेटी नवी, कागदपत्रं नवी, काचेवरचा प्लास्टिकचा पापुद्रासुद्धा शाबूत. लग्नकार्यातच घालायचे. एरवी लॉकरमध्ये. आता चालू होऊन दोन तासांत थांबत होतं. त्यांचं म्हणणं, वापरलंच नाही तर बिघडलं कसं? मी टायमिंग मशीनवर लावलं. पूर्ण चावी दिल्यावर बॅलन्सचा झोका २७० अंशांच्या वर यायला हवा, इथे १८५ येत होता आणि पडद्यावरची रेघ दातेरी करवतीसारखी उमटत होती. मागचं झाकण फिरवून काढलं, चक्री उतरवली, भिंग लावलं. चाकाला ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या पॅलेटच्या खड्यांच्या टोकाला तेलाचा नुसता थेंब असावा लागतो, तिथे मधासारखा पिवळट चिकट थर होता. चावीची ताकद साठवणाऱ्या मेनस्प्रिंगच्या डब्यातलं वंगण कडेला जाऊन वाळलेलं. भाग सगळे कोरे, एकही टोक झिजलेलं नाही. फक्त तेल म्हातारं झालं होतं. घड्याळ चाललं काय, नाही चाललं काय, तेलाचं वय वाढतच राहतं. सगळं खोललं, तीन पाण्यांतून धुतलं, तेल दिलं, जुळवलं. पाच दिवस लागले. शेवटी झोका २९० आला तेव्हा मी त्यांना दुकानात बोलावूनच दाखवला. आणि त्यांना स्पष्ट म्हटलं, काका, आता तरी घाला हो हे.

अशी सर्व्हिसिंग पाच ते सात वर्षांतून एकदा लागते. साधं तीन काट्यांचं घड्याळ माझ्यासारख्याकडे दहा-पंधरा हजारांत होतं. कंपनीच्या केंद्रात नामांकित घड्याळाला चाळीस हजारांच्या पुढे मोजावे लागतात, आणि क्रोनोग्राफला त्याहून बरेच जास्त, कारण त्यात भाग जवळजवळ दुप्पट. तुमच्या घड्याळासाठी एका वेळेचे साठ हजार धरू. पंचवीस वर्षं वापरलंत, चार वेळा सर्व्हिस केली, तर एकूण खर्च सात लाख नव्वद हजार. दिवसाला ८७ रुपये पडले. आणि तीन वर्षांत कंटाळून साडेतीन लाखांना विकलंत, तर दोन लाख गेले, दिवसाला १८३ रुपये. म्हणून मी प्रत्येकाला विचारतो: हे घड्याळ तुम्ही रोज घालाल का? पहिला ओरखडा पडल्यावरही घालाल का?

माझ्याकडे एक भूलतज्ज्ञ बाई येतात. चौदा वर्षांपूर्वी पहिल्या मोठ्या कमाईतून त्यांनी सव्वा लाखाचं घड्याळ घेतलं. ऑपरेशन थिएटरच्या दारात उतरवतात, बाहेर पडल्या की घालतात, वॉर्डात रोग्याची नाडी त्याच्याच सेकंदकाट्यावर मोजतात. पट्ट्याच्या पिना झिजून कड्या सैल झाल्या आहेत, बकलवर ओरखड्यांचं जाळं झालंय. मागच्या सर्व्हिसला मी पॉलिश करून देतो म्हटलं तर नको म्हणाल्या. बरोबर केलं त्यांनी, कारण प्रत्येक पॉलिशमध्ये धातू जातो आणि केसच्या कडा गोल होतात. त्या घड्याळाचा एकेक रुपया वसूल झाला आहे. त्याची बाजारात काय किंमत येईल हे त्यांनी मला कधी विचारलेलं नाही.

याच्या उलट प्रसंग सांगतो, कारण तुम्ही घेण्याआधी तो तुम्हाला माहीत असायला हवा. रत्नागिरीकडचा एक तरुण, मुंबईत चांगल्या पगारावर. गणपतीला गावी गेला, विसर्जनाला समुद्रात कमरेपर्यंत उतरला, हातात सहा लाखांचं घड्याळ, २०० मीटर पाणीरोधक असं लिहिलेलं. सकाळी तारीख बदलताना ओढलेली चावी त्याने परत पिळून बसवली नव्हती. खारं पाणी आत गेलं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला तेव्हा काचेखाली दव जमलं होतं. मी झाकण उघडलं आणि चावीच्या दांड्यापासून सेटिंगच्या चिमुकल्या दांडीपर्यंत सगळ्या पोलादी भागांवर नारिंगी गंज चढलेला. पाच भाग बदलले असते तर घड्याळ वाचलं असतं. पण ती कंपनी बाहेरच्या घड्याळजींना सुटे भाग देत नाही. अनेक बड्या स्विस कंपन्या देत नाहीत. शिक्षण आहे, अवजारं आहेत, हातात कसब आहे, आणि बोटभर पाकिटात मावणारा एक दांडा मिळत नाही म्हणून मी हात बांधून बसतो. त्याला कंपनीच्या केंद्रात पाठवावं लागलं. पाच महिने लागले आणि बिल लाखाच्या पुढे गेलं.

या गोष्टीचं मला फार वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही. सातारा-कोल्हापूरकडच्या फौजी घरांतून माझ्याकडे अजूनही वेस्ट एंड वॉच कंपनीची 'सोवार प्रायमा' येतात. ही कंपनी १८८६ पासूनची, मुंबईशी जोडलेली, आणि फौजेत तिची घड्याळं घरोघर पोचली. पणजोबांचं घड्याळ पणतू घेऊन येतो, मी चालू करून देतो, कारण त्या काळी भाग खुले मिळायचे, आणि न मिळाले तर खरादावर घडवता येतात. फाव्र-ल्यूबाचंही तसंच, १८६५ पासून त्यांचा मुंबईत व्यापार होता, आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी ती घड्याळं लग्नात घेतली. आज तुम्ही साडेपाच लाख देऊन जे घ्याल ते पुढच्या पिढीला द्यायचं म्हणत असाल, तर विकणाऱ्याला हा प्रश्न विचारा: याचे भाग पुण्या-मुंबईत कुणाला मिळतात? सर्व्हिसिंग कुठे होतं, इथे की परदेशात पाठवता? किती महिने? उत्तर लेखी मागा. या प्रश्नावर जो विक्रेता विषय बदलेल, त्याच्याकडून घेऊ नका.

घ्यायचंच ठरलं, तर काही कामाच्या गोष्टी सांगतो.

हप्त्यावर घेऊ नका. बिनव्याजी म्हणाले तरी नको. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे, आईवडिलांचा आरोग्य विमा भरलेला आहे आणि त्यानंतर हे साडेपाच लाख उरले आहेत, असं असेल तरच. खरं सांगायचं तर बोनसच्या निम्म्याहून जास्त रक्कम मनगटावर बांधावी असं मला वाटत नाही, पण तो तुमच्या घरचा हिशेब आहे.

घाई करू नका. भारताचा स्वित्झर्लंड आणि इतर तीन देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे आणि स्विस घड्याळांवरचं २० टक्के आयातशुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत जाणार आहे. कंपन्या तो फायदा गिऱ्हाइकाला किती देतील ते दिसेलच, पण 'पुढच्या महिन्यात भाव वाढणार' या वाक्याला भुलू नका. दुबईहून कुणाकडून मागवण्याचा विचार असेल तर विमानतळावर जाहीर करून शुल्क भरा. पावतीशिवायच्या घड्याळाचा विमा उतरवताना अडचण येते आणि विकतानाही गिऱ्हाईक हात लावत नाही.

अधिकृत दुकानातूनच घ्या. वॉरंटी कार्डावर तारीख आणि अनुक्रमांक भरून घ्या. ज्या मॉडेलसाठी रांग नाही, त्यावर सवलत मागायला अजिबात संकोचू नका, बहुतेक ठिकाणी मिळते. दोन-तीन वर्षं वापरलेलं घेतलंत तर पहिली मोठी घसरण दुसऱ्याने सोसलेली असते, आणि मी स्वतः तसंच घेईन. मात्र पैसे देण्याआधी ओळखीच्या घड्याळजीकडून झाकण उघडून घ्या. बाहेरून हुबेहूब आणि आतून भलतंच, अशी घड्याळं आता इतकी सफाईदार येतात की नुसत्या फोटोवरून मीही खात्री देणार नाही.

आणि ते क्रोनोग्राफच का, याचा एकदा विचार करा. ती दोन बटणं तुम्ही कशासाठी दाबणार? जेगर-लकूल्त्रचं 'रिव्हर्सो' म्हणून घड्याळ आहे, १९३१ सालचं. भारतात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून डायल उलटी फिरवून आत लपवता येईल अशी त्याची घडण केली. त्या घड्याळाचा प्रत्येक भाग कुठल्यातरी गरजेतून आलेला आहे, म्हणून ते अजून टिकून आहे. क्रोनोग्राफ तुम्हाला आवडतो म्हणून घेत असाल तर तेही कारण पुरेसं आहे. पण सर्व्हिसिंगचा जास्तीचा खर्च त्या दोन बटणांपायी आयुष्यभर येणार, आणि त्याच कंपनीचं तीन काट्यांचं घड्याळ बहुधा दीड-दोन लाखांनी स्वस्त असतं. तुमच्या जागी मी तेच घेतलं असतं. अडीच ते साडेतीन लाखांत, तीन काटे, तारीख, भरीव स्टील, ४० मिलिमीटरच्या आत. उरलेल्या पैशांत वडिलांच्या सल्ल्यालाही मान मिळतो.

घरी आल्यावर टॅबलेटच्या कव्हरवर, लॅपटॉपवर किंवा स्पीकरवर घड्याळ ठेवू नका, त्यांत चुंबक असतो. अचानक दिवसाला दोन-तीन मिनिटं पुढे पळायला लागलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा चुंबकच लागलेला असतो आणि तो काढायला मला अर्धं मिनिट लागतं. त्याचे मी पैसेही घेत नाही. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख बदलू नका, अनेक मशीनमध्ये तेव्हा तारखेचे दाते एकमेकांत अडकलेले असतात आणि जबरदस्ती केली की तुटतात. ३० मीटर लिहिलेलं घड्याळ घालून पोहू नका. तो आकडा हात धुण्यापुरता आहे.

आता तुमच्या वडिलांच्या एचएमटीबद्दल. तुम्ही तो शेवटचा प्रश्न म्हणून विचारलात, पण माझं मन तिथेच जास्त रेंगाळलं. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला सुरू झाला, आणि २०१६ मध्ये सरकारने घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. मधल्या काळात नोकरी लागलेल्या किती मुलांच्या हातात 'जनता' किंवा 'पायलट' होतं, याची गणती नाही. चावीचं असेल तर आत बहुधा १७ खड्यांचं मशीन असणार, सेकंदाला पाच ठोके. त्याचा टिकटिक आवाज आजच्या आठ ठोक्यांपेक्षा संथ असतो, उशाशी ठेवलं तर वेगळा ओळखू येतो. माझ्याकडे या मशीनच्या मेनस्प्रिंगा, बॅलन्सचे आस आणि काचा खणात आहेत. मोडलेलं काही नसेल तर हजार-दीड हजारांत चालू होईल.

मात्र तीन गोष्टी पाळा. ऑनलाइन दिसतात त्या रंगीबेरंगी डायलच्या एचएमटींना भुलून त्याची डायल पुन्हा रंगवून घेऊ नका. तसली सांधलेली, रंगवलेली घड्याळं संग्राहकांमध्ये 'मुंबई स्पेशल' म्हणून ओळखली जातात आणि त्यांना किंमत नसते. डाग पडलेली मूळ डायल असेल तशी राहू द्या. दुसरं, कोपऱ्यावरच्या सेल बदलणाऱ्याला उघडायला देऊ नका. तिसरं, चालतंय का बघायला चावी भरू नका. वाळलेल्या तेलात जबरदस्तीने फिरवलं की टोकं झिजतात. कापसात गुंडाळून, काच वरच्या बाजूला ठेवून, आहे तसं घेऊन या. जमलं तर वडिलांनाही बरोबर आणा, ते कुठल्या साली घेतलं आणि शेवटचं कधी चाललं होतं हे त्यांच्याकडूनच कळेल, आणि मला झाकणाच्या आत माझ्याआधीच्या घड्याळजीने सुईने कोरलेली तारीख त्याच्याशी ताडून बघता येईल.